सायकलवर मनाली ते लेह: नाशिकच्या ग्रुपने आखणी कशी करावी

नाशिकमध्ये सायकल चालवणाऱ्यांची वानवा नाही. पंढरपूरची सायकल वारी झाली, त्र्यंबक आणि सप्तशृंगी गड पायाखालचे झाले, की कोणत्याही ग्रुपमध्ये मनाली-लेहचा विषय निघतोच. मग कागद-पेन घेऊन हिशेब सुरू होतो: पावणेपाचशे किलोमीटर, रोज सत्तर धरले तर सात दिवस. सपाटीवर हा हिशेब बरोबर असेल, पण या रस्त्यावर तो माणसं आजारी पाडतो. इथे पहिला प्रश्न रोज किती चालवायचं हा नाही, रोज रात्री किती उंचीवर झोपायचं हा आहे. त्याचं उत्तर मिळालं की तारखा, खर्च, गाडी, सरावाचे महिने ही सगळी गणितं त्यातून सुटत जातात. म्हणून मी आखणीला मुक्कामांपासून सुरुवात करतो.

मुक्काम कसे ठरवायचे

नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटरवर आहे. आपल्या जवळचं आणि राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तेही १,६४६ मीटर. मनाली गावच दोन हजारांच्या वर आहे. पुढे खिंडी लागतात: रोहतांग ३,९७८, बारालाचा सुमारे ४,८९०, नकीला ४,७३९, लाचुंगला ५,०५९ आणि टांगलांगला ५,३२८ मीटर. टांगलांगलाच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या जवळपास निम्मा असतो. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण तेवढंच राहतं, पण प्रत्येक श्वासात हवाच कमी येते. शरीर याची सवय करून घेतं, मात्र त्याला रात्री लागतात. पायातली ताकद ही सवय लवकर लावू शकत नाही. उलट ताकदवान माणूस भरभर वर पोचतो आणि तोच आधी डोकं धरून बसतो.

डॉक्टरांचा सर्वमान्य नियम असा: तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबा. दिवसा चढून पुन्हा खाली येऊन झोपलात तर चालतं, किंबहुना ते फायद्याचंच आहे. हा नियम समोर ठेवून मी असा आराखडा सुचवेन.

मनालीत दोन रात्री. मधल्या दिवशी सोलंगपर्यंत सायकल चालवून परत या. तिसऱ्या दिवशी मढी, सुमारे ३,३०० मीटर. मनालीहून ही उडी मोठी वाटते, म्हणूनच मनालीतली दुसरी रात्र वाचवायला जाऊ नका. चौथ्या दिवशी रोहतांग ओलांडून कोकसरमार्गे सिस्सू. तिथली उंची ३,१०० च्या आसपास, म्हणजे जवळपास चार हजारांना हात लावून पुन्हा खाली झोपायला. पाचव्या दिवशी तांदी, केलाँग करत जिस्पा, ३,२०० मीटर. सहावा दिवस जिस्पातच. सकाळी दारचापर्यंत रमतगमत जाऊन या, दुपारी भागा नदीच्या काठी कपडे वाळत घाला.

इथून पुढे खरी काळजी. बहुतेक ग्रुप जिस्पाहून एका दिवसात झिंगझिंगबार गाठतात, म्हणजे हजार मीटरची उडी. त्याऐवजी सातवी रात्र पात्सेओला दीपक तालाजवळ, सुमारे ३,८०० मीटरवर काढा (ही उडीही पाचशेपेक्षा थोडी जास्त, म्हणूनच आधी जिस्पात दोन रात्री) आणि आठवी झिंगझिंगबारला, ४,२०० च्या आसपास. तो दिवस अगदी छोटा होतो. सायकलवाल्यांची कुरकुर होईल, होऊ द्या. नवव्या दिवशी बारालाचा ओलांडून सरचू, ४,३०० मीटर. दहाव्या दिवशी गाटा लूप्सची एकवीस वळणं, नकीला, लाचुंगला आणि पांग, सुमारे ४,६०० मीटर. हा सगळ्या प्रवासातला सर्वांत कठीण दिवस. ग्रुप दमलेला असेल तर नकीला आणि लाचुंगलाच्या मधल्या व्हिस्की नाल्यावर तंबूत थांबून तो दोन दिवसांत वाटा, फक्त ती रात्र पांगपेक्षा थोडी उंचावर जाते हे लक्षात असू द्या. मग मोरे मैदान पार करून टांगलांगलाच्या अलीकडे डेब्रिंगच्या बाजूला मुक्काम, पुढच्या दिवशी टांगलांगला ओलांडून रुमत्से, आणि शेवटच्या दिवशी सिंधू नदीच्या सोबतीने उपशी, कारू करत लेह.

म्हणजे मनाली ते लेह तेरा दिवस. त्यात एक राखीव दिवस हवाच, कारण दरड कोसळली किंवा बारालाचावर बर्फ पडलं तर रस्ता कुणाचं ऐकत नाही. नाशिक ते नाशिक अठरा ते एकोणीस दिवस धरा. एवढी रजा मिळत नसेल तर मार्ग कापा, रात्री कापू नका. मनाली ते जिस्पा आणि परत, रोहतांग दोन्ही बाजूंनी, ही आठवड्याची सहलही सुंदर होते.

अटल बोगद्याचा मोह अनेकांना होतो. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये तो खुला झाला, लांबी ९.०२ किलोमीटर, आणि रोहतांगचा सगळा चढ त्यामुळे वाचतो. पण तो चढ वाचवणं म्हणजे शरीराला सवय लागायची संधी हुकवणं. शिवाय बोगद्यामुळे रोहतांगच्या जुन्या रस्त्यावरची ट्रकची गर्दी खूप ओसरली आहे. सायकलसाठी ही पर्वणीच म्हणायची.

महिना कोणता

हा रस्ता साधारण मे-जूनमध्ये उघडतो आणि नोव्हेंबरच्या आसपास बंद होतो. जूनमध्ये वितळत्या बर्फाचं पाणी रस्त्यावरून वाहत असतं. जुलै-ऑगस्टमध्ये मनाली-रोहतांग पट्ट्यात पाऊस आणि दरडी. बारालाचाच्या पलीकडे मात्र पर्जन्यछायेचा कोरडा प्रदेश आहे. ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य हा माझ्या पसंतीचा काळ: नाल्यांना पाणी कमी, आकाश स्वच्छ, ढाबे अजून चालू. रात्री सरचू-पांगला पारा शून्याखाली जातो, त्याची तयारी ठेवायची.

नाशिककरांना ही वेळ आणखी एका कारणाने सोयीची पडते. निफाड-दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार ग्रुपमध्ये असतील तर ऑक्टोबर छाटणी सुरू झाल्यावर ते हलू शकत नाहीत. सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत त्यांना मोकळीक असते. गणपती कधी येतात ते मात्र कॅलेंडरमध्ये आधी पाहा, नाहीतर अर्धा ग्रुप गळेल. आणि २०२७ साठी विचार करत असाल तर सिंहस्थाची मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आहेत. त्या काळात पोलीस, महापालिका, आरोग्य खात्यातल्या मंडळींना रजा मिळणार नाही आणि नाशिकरोडहून आरक्षण मिळवणंही जड जाईल.

माणसं किती, आणि कोण

आठ ते दहा. याहून जास्त असतील तर दोन ग्रुप करा, प्रत्येकाची वेगळी गाडी, एक दिवसाचं अंतर. झिंगझिंगबार किंवा व्हिस्की नाल्यासारख्या ठिकाणी वीस जणांची सोय एका ठिकाणी होईल याचा भरवसा नाही.

कामं नाशिकमध्येच वाटून घ्या. एक जण पुढचा, जो वेग आवरतो. एक जण शेवटचा, जो कधीही शेवटच्या सायकलच्या पुढे जात नाही. एक खजिनदार, एक दुरुस्तीवाला. आणि एक आरोग्याची जबाबदारी घेणारा, शक्यतो डॉक्टर. त्याचा शब्द अंतिम. त्याने "आज गाडीत बस" म्हटलं की गाडीत बसायचं. वयाने मोठे काका असोत, ग्रुपचे संस्थापक असोत किंवा अख्ख्या सहलीचा खर्च उचलणारे असोत. हा नियम सगळ्यांच्या घरच्यांसमोर एकदा मोठ्याने वाचून दाखवा. चार हजार मीटरवर डोकं दुखत असताना कुणालाच आपण आजारी आहोत असं वाटत नाही, तेव्हा घरी दिलेला शब्द उपयोगी पडतो.

निघण्याआधी प्रत्येकाची तपासणी: रक्तदाब, हिमोग्लोबिन, चाळिशीपुढच्यांसाठी हृदयाची तपासणी. डायमॉक्स घ्यायची की नाही, किती आणि कधीपासून, हे ज्याने त्याने आपल्या डॉक्टरला विचारून ठरवायचं. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर ते आवर्जून सांगायचं. ही गोळी शरीराला सवय लावायला मदत करते, लक्षणं सुरू झाल्यावर वर चढत राहण्याचा परवाना देत नाही.

नाशिकभोवतीचा सराव

चार महिने पुरतात, आधीपासून आठवड्याला शंभर-दीडशे किलोमीटर चालवत असाल तर. लडाखचे घाट आपल्याकडच्यापेक्षा तीव्र नाहीत. ते लष्कराच्या ट्रकसाठी बांधलेले आहेत, त्यामुळे चढ बराचसा मवाळ राहतो, पण संपत नाही. नांदुरीहून सप्तशृंगी गडाचा सुमारे दहा किलोमीटरचा घाट गाटा लूप्सपेक्षा जास्त उभा वाटेल. म्हणून पायांना ताकद आणायला गड उत्तम. एकदा चढून, खाली येऊन, पुन्हा चढायचा. बसून, हलक्या गिअरवर, शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल इतक्याच जोराने. गडावर यात्रेची आणि सुट्टीची गर्दी टाळा.

दुसरी सवय लागते ती रोज उठून पुन्हा सायकलवर बसण्याची. त्यासाठी महिन्यातून एकदा सलग दोन, पुढे सलग तीन दिवसांची राईड ठेवा. शनिवारी दिंडोरी-वणीमार्गे सापुतारा, मुक्काम, रविवारी गड करून परत. किंवा त्र्यंबक-जव्हार आणि परत. कसारा घाटात मी ग्रुप नेत नाही, महामार्गावरच्या जड वाहनांमध्ये दहा सायकली सांभाळण्यात सराव कमी आणि धोका जास्त.

सप्टेंबरला निघायचं तर हा सराव मे ते ऑगस्ट होतो. मेच्या उन्हात पहाटे पाचला निघून नऊच्या आत घरी. पावसाळा सुरू झाला की कंटाळा करू नका. त्र्यंबक रस्त्यावर ओल्या उतारावर ब्रेक मारायची सवय ही रोहतांगसाठीची थेट तयारी आहे. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही, वळणाआधी दाबायचा, वळणात सोडायचा. डोंगरात वीस-तीस किलोमीटरचे उतार लागतात आणि थंडीने बोटं सुन्न झालेली असतात. तिथे हे शिकायला वेळ मिळत नाही.

उंचीची सवय मात्र नाशिकभोवती कुठेच लागत नाही, कळसूबाईवर राहायला गेलात तरी. ती फक्त वर दिलेल्या रात्रींनीच लागते.

सायकल

पुढे ५०-३४ दातांच्या चकत्या आणि मागे ११-३४ दातांची कॅसेट असेल तर रोड बाईकवर हा रस्ता होतो. सर्वांत हलक्या गिअरमध्ये पुढचे आणि मागचे दात सारखे यावेत, हे किमान. हायब्रीड किंवा ग्रॅव्हल बाईकवर याहून हलका गिअर मिळत असेल तर उत्तमच, कारण पाच हजार मीटरवर ताकद घरच्यापेक्षा बरीच कमी भरते. टायर ३२ मिलिमीटरचे किंवा रुंद. रस्ता बराच डांबरी झाला असला तरी पाणी वाहून गेलेले खडीचे तुकडे दरवर्षी नव्या ठिकाणी सापडतात.

ग्रुपसाठी सुटे भाग: प्रत्येक मॉडेलचा डिरेलर हँगर (मागचा गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर बसतो तो तुकडा), ब्रेक पॅडचे दोन-दोन जोड, दोन टायर, भरपूर ट्यूब, चेनच्या जोडकड्या, गिअर आणि ब्रेकच्या केबली, आरे. मनालीच्या पुढे लेहपर्यंत यातलं काही मिळेल असं धरू नका. हँगर तर नाशिकच्या दुकानातही मागवावा लागतो, त्यामुळे दोन महिने आधी सांगा.

सोबतची गाडी

रेस अक्रॉस अमेरिकासारखी, अख्खी अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत सोबतच्या गाडीशिवाय आणि तिच्यातल्या माणसांशिवाय होत नाही. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या भावांनी २०१५ मध्ये दोघांच्या संघात ती पूर्ण केली, तेव्हापासून आपल्या शहरात क्रूची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. लडाखमध्ये त्या गाडीचं मुख्य काम सामान वाहणं नाही. नकाशा नीट पाहा. बारालाचा ते टांगलांगला हा पट्टा असा आहे की तिथून खाली यायला आधी वर चढावं लागतं. सरचूला कुणाला त्रास झाला तर जिस्पाकडे परतताना बारालाचा आडवी येते. पांगला झाला तर एका बाजूला टांगलांगला, दुसऱ्या बाजूला तीन खिंडी. मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही. अशा वेळी रिकामी जागा असलेली, टाकी भरलेली गाडी आणि रात्री रस्ता ओळखणारा चालक हाच उपचार.

म्हणून गाडी मनालीची घ्या, दर हंगामात याच रस्त्यावर फिरणाऱ्या चालकाची. नाशिकहून स्वतःची गाडी नेऊन तीही आळीपाळीने आपणच चालवू, हा विचार सोडून द्या. गाडीत मास्क आणि रेग्युलेटरसह भरलेला ऑक्सिजन सिलिंडर ठेवा. दुकानात मिळणारे छोटे डबे काही मिनिटांत संपतात. पर्यटकांच्या गाडीला रोहतांगवरून जायला परवाना लागतो आणि रोजची संख्या मर्यादित असते, तो चालकाकडून आधीच काढून घ्या. परवाना मिळाला नाही म्हणून गाडी बोगद्यातून पुढे पाठवलीत तर रोहतांगच्या माथ्यावर तुम्ही एकटे पडता. तांदीच्या पंपावर 'पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर' ही प्रसिद्ध पाटी आहे. तिथे टाकी गच्च भरूनच पुढे जायचं, आणि कॅनही.

पैसे रोख ठेवा. जिस्पाच्या पुढे ढाब्यांवर ऑनलाइन पैसे देता येतील यावर विसंबू नका. खजिनदाराकडे एक वही, रोज रात्री जेवण झाल्यावर हिशेब. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातली प्रीपेड सिम चालत नाहीत, त्यामुळे ग्रुपमध्ये निदान तिघांकडे पोस्टपेड हवं.

नाशिकरोड ते मनाली

दिल्लीला जायला पंजाब मेल आणि मंगला एक्स्प्रेस नाशिकरोडहून मिळतात. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्या सकाळी तयार राहा. सायकली ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे सामानाच्या डब्यात, नेता येतात, पण गाडी मागून भरून आलेली असते आणि थांबा थोडा. दहा खोके एकदम चढतील याची खात्री नाही. माझा सल्ला, सायकली आठ दिवस आधी ट्रान्सपोर्टने मनालीला, मुक्कामाच्या हॉटेलच्या पत्त्यावर पाठवा. खोके सायकलच्या दुकानात मागितले तर मिळतात. पुढचं चाक, पेडल आणि सीट काढा, डिरेलर आतल्या बाजूला वळवून बांधा, फॉर्कच्या टोकांमध्ये प्लास्टिकची खुंटी घाला. खोक्यावर नाव चारही बाजूंनी.

रस्त्यावरचा दिवस

सहाला चहा, सातच्या आत सायकलवर. याचं मुख्य कारण पाणी. झिंगझिंगबारच्या आसपास किंवा बारालाचाच्या चढावर रस्त्यावरून जाणारे नाले वरच्या हिमनद्यांचे असतात. सकाळी आठला जिथून घोट्याएवढ्या पाण्यातून सायकल ढकलत जाता येतं, तिथे दुपारी तीनला गुडघ्यापर्यंत पाणी आणि तळाशी गडगडणारे गोटे असतात, कारण दिवसभर वर बर्फ वितळत असतं. नाला ओलांडताना बूट काढू नका, फक्त मोजे काढून खिशात ठेवा आणि पलीकडे गेल्यावर कोरडे घाला.

खिंडीच्या माथ्यावर दहा मिनिटांच्या वर थांबू नका. फोटो काढा, वाऱ्याचं जाकीट घाला, निघा. पाणी दिवसाला चार लिटर तरी, आणि भूक नसली तरी दर तासाला काहीतरी पोटात. उंचीवर गोडाचा कंटाळा येतो हे बहुतेकांना तिथे गेल्यावर कळतं, म्हणून खजुराच्या जोडीला नाशिकचा चिवडा आणि बेदाणे न्या. ढाब्यांवर राजमा-चावल, दाल, मॅगी, ऑम्लेट हेच मिळेल. कच्चं सॅलड नको.

संध्याकाळची तपासणी हा दिवसातला सर्वांत महत्त्वाचा पाव तास. सगळे तंबूबाहेर, टोप्या घालून. आरोग्यवाला प्रत्येकाला विचारतो: डोकं दुखतंय का, मळमळ, जेवण गेलं का, काल झोप लागली का. मग जमिनीवरच्या एका सरळ रेषेवर, मागच्या पायाच्या अंगठ्याला पुढच्या पायाची टाच लावत दहा पावलं चालायला लावतो. थकलेला माणूस हळू चालतो, पण सरळ चालतो. ज्याचा तोल जातो, जो रेषेबाहेर पाय टाकतो, त्याच्या मेंदूला सूज आलेली असू शकते. बसल्या जागी धाप लागत असेल, खोकला येत असेल, छातीत घरघर असेल, तर पाणी फुप्फुसांत जमत असू शकतं. या दोन्ही स्थितींत सकाळची वाट पाहायची नाही. ऑक्सिजन लावायचा, गाडीत बसवायचं आणि रात्रीच्या रात्री खाली न्यायचं, सोबत एक जण. नुसती डोकेदुखी आणि मळमळ असेल तर दुसऱ्या दिवशी वर जायचं नाही, तिथेच थांबायचं, आणि वाढली तर खाली उतरायचं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर न्या, पण निर्णय आकड्यावर घेऊ नका, माणूस कसा दिसतोय त्यावर घ्या. दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण बंद.

एक जण थांबला की ग्रुपचं काय, हे आधीच ठरवा. माझं मत स्पष्ट आहे: आजारी माणसाबरोबर गाडी जाते, बाकीचा ग्रुप गाडी परत येईपर्यंत आहे तिथेच राहतो. राखीव दिवस त्यासाठीच असतो.

लेह

लेह ३,५०० मीटरवर आहे, इतक्या रात्री वर काढल्यावर तिथे श्वास मोकळा होतो. अंगात बळ उरलं असेल तर खारदुंगला करता येते, सुमारे चाळीस किलोमीटरचा सलग चढ. तिथल्या पाटीवर १८,३८० फूट लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्ष उंची ५,३५९ मीटर, म्हणजे साडेसतरा हजार फुटांच्या आसपास. टांगलांगलाहून ती जेमतेम तीस मीटर जास्त आहे. टांगलांगला तुम्ही ओलांडून आलेले आहात, त्यामुळे खारदुंगला राहिली तर जिवाला लावून घेऊ नका.

परतीला विमान घेणार असाल तर लेहचं तिकीट सकाळचं काढा, दुपारनंतर वाऱ्यामुळे उड्डाणं अडतात. दिल्लीहून पुढचं विमान किंवा रेल्वे त्याच दिवसाची नको. सायकलचा खोका आणि वजन विमान कंपनीला आधी कळवा, टायरमधली हवा कमी करा, पॉवर बँक आणि दिव्यांच्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत. विमानात वजनाचा प्रश्न येत असेल तर सायकली लेहहून ट्रान्सपोर्टने पाठवा. त्या तुमच्यानंतर बऱ्याच दिवसांनी नाशिकला येतील, म्हणून खोक्यात ओले कपडे भरू नका आणि चेनला तेल लावूनच खोका बंद करा.